जुना रेझर घेताना पातं कसं बसतं ते बघा

जुना सेफ्टी रेझर हातात आला की पहिलं काम हे करा. त्यात नवं पातं घाला, मूठ आवळा आणि रेझरचं डोकं डोळ्यांसमोर आडवं धरून खिडकीच्या उजेडाकडे बघा. पात्याची धार दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर आली आहे का? एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, असं तिरकं तर दिसत नाही ना? मग पात्याच्या ज्या दोन आखूड कडा डोक्याबाहेर डोकावतात, त्यातल्या एकीला नखाने अलगद ढोसा. पातं जागचं हलता कामा नये. तिरकं दिसलं तर लगेच रेझर खाली ठेवू नका. मूठ सैल करा, त्या आखूड कडांना धरून पातं सरळ करा आणि पुन्हा आवळा. पुष्कळदा एवढ्याने ते नीट बसतं. तीनदा करूनही तिरकंच राहिलं, तर तो रेझर कितीही देखणा असो, दाढीच्या कामाचा नाही.

जुन्या रेझरवर लोकांनी कितीही बोलावं, माझ्या मते निवडीचं मर्म एवढंच आहे. दाढीचं पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, पोस्टकार्डापेक्षा पातळ. तेवढं पोलाद नुसतं धरलं तर थरथरतं, केसावर अडखळतं आणि कातडीत घुसतं. रेझरचं काम त्याला वरच्या टोपीने आणि खालच्या तळपट्टीने दाबून, थोडी कमान देऊन, ताठ करणं. ती कमान दोन्ही बाजूंना सारखी पडली की पातं गालावरून सरळ चालतं. किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यात टाकाऊ पात्याची कल्पना आली खरी, पण एवढं पातळ पोलाद कठीण कसं करायचं आणि धारेला कसं लावायचं हे विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने वर्षानुवर्षं खपून सोडवलं. १९०३ साली त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी आज कर्जतच्या बाजारपेठेतल्या दुकानात मिळणारं दुधारी पातं त्या पहिल्या रेझरमध्येही बसतं. जुना रेझर विकत घेण्यात अर्थ आहे तो यामुळेच.

विकत घेण्याआधी मात्र घरात शोधा. आपल्या कर्जत-खालापूर भागात तर नक्कीच शोधा. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचं जंक्शन, बोरघाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडायची ती इथेच. पुढे रसायनीला कारखाने आले. म्हणजे शेतीच्या या मुलखात पाळीवर जाणारा, महिन्याला पगार घेणारा माणूस इतर गावांपेक्षा लवकर आला. पहाटेच्या पाळीच्या माणसाला गावातला नाभिक येईपर्यंत थांबून चालत नसे, त्याला घरीच दाढी उरकावी लागे. अशा घरांच्या माळ्यावर, फडताळात, पत्र्याच्या ट्रंकेत दाढीचं सामान अजून पडलेलं असतं. आजीला विचारा, आत्याला विचारा. रेझर विचारलात तर कदाचित कुणाला कळणार नाही. "आजोबांचा दाढीचा डबा कुठंय" असं विचारा.

माझा रोजचा रेझर सासऱ्यांच्या माळ्यावरून आला. ते रेल्वेत होते. टाल्कम पावडरच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून ठेवलेला. टोपीच्या कडेला साबणाचा थर चुन्यासारखा कडक झालेला, आणि मूठ जिथे तळपट्टीला भिडते तिथे पितळ कळकून हिरवं झालेलं. टोपी आणि मूठ दोन्ही इतकी घट्ट चिकटली होती की मी पक्कड घ्यायला निघालो होतो. सासूबाईंनी अडवलं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा म्हणाल्या. सकाळी दोन बोटांनी फिरवला तर सुटला. तळपट्टीच्या खाली जिलेटचं नाव आणि 'मेड इन इंग्लंड' ही अक्षरं होती. हा त्या कंपनीचा टेक नावाचा नमुना. साधारण १९३८ पासून पुढे कित्येक दशकं तो बनत राहिला आणि आपल्याकडे जुन्या घरांत सापडणाऱ्या रेझरांत तो बऱ्याचदा दिसतो.

पहिल्यांदाच जुना रेझर वापरणाऱ्याला मी हाच सांगेन. टोपी, तळपट्टी, मूठ, बस, तीन तुकडे. बिघडण्यासारखं आत काही नाही. तळपट्टीची कड सपाट पट्टीसारखी, तिच्यामुळे कातडी धारेखाली ओढली जात नाही. हलक्या हाताचा रेझर आहे हा, चूक झाली तरी माफ करतो. रोज दाढी करणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे. फक्त आठ-आठ दिवस दाढी वाढवून मग करण्याची सवय असेल, तर टेकला ते ओझं होतं. केस आत अडकतात. तेव्हा फणीचा रेझर बघा. त्याच्या तळपट्टीला पट्टीऐवजी दात असतात, फेस आणि लांब केस त्या दातांमधून वाट काढतात. जिलेटचे अगदी सुरुवातीचे रेझर असेच होते. तो घेताना दात एकेक करून बघा. रेझर फरशीवर पडला की कोपऱ्याचा दात वाकतो, आणि वाकलेला दात सरळ करायला गेलात तर तुटतो. मूठ पोकळ असेल तर वरच्या तोंडाशी केसाएवढी चीर आहे का तेही भिंगातून बघा. वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने ती पडते.

याच जातीचे बिननावाचे रेझर बाजारात पुष्कळ दिसतील. १९०४ चं पेटंट १९२१ मध्ये संपलं, आणि मग जगभर कुणीही तसा रेझर बनवू लागला. नाव नाही म्हणून टाकून देऊ नका. पातं घालून बघा, तेच सांगेल.

तिसरा प्रकार फुलपाखरी. मुठीचं बूड फिरवलं की डोक्याच्या दोन पाकळ्या दार उघडावं तशा उघडतात. जिलेटचा सुपर स्पीड १९४७ चा. वापरायला फार सोयीचा, पण घेताना सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायला लावणारा. पाकळ्या मिटल्यावर दोन्हींच्या मधली फट सरळ रेषेत हवी. मिटताना एक आधी आणि एक नंतर टेकत असेल तर आतली दांडी झिजलेली किंवा वाकलेली आहे. बूड फिरवताना वाळू चावल्यासारखं लागलं तर ते बहुधा नुसतं साबणाचं किटण असतं, धुतल्यावर जातं. पण फिरवताना मध्येच निसटल्यासारखं झालं तर आटे गेलेत. फुलपाखरी रेझरचे आटे आत दडलेले असतात, ते घरी दुरुस्त होत नाहीत.

याच घराण्यातला, आकडे फिरवून धार कमी-जास्त करता येणारा रेझर १९५८ ते १९६१ या काळात निघाला. जाड मुठीमुळे त्याला फॅटबॉय म्हणतात. त्यानंतरचा सडपातळ स्लिम. दोन्हींवर १ ते ९ आकडे. लोक यांच्यामागे वेडे होतात आणि किंमतही तशीच लागते. मिळाला तर घ्या, पण एक सांभाळा: पाकळ्या घट्ट मिटलेल्या असताना आकड्याची चकती जोराने फिरवू नका. आधी बूड अर्धा फेरा सैल करा, मग आकडा बदला, मग पुन्हा आवळा. दुकानात बघतानाही हेच. पहिले काही आठवडे ३ च्या पुढे जाऊ नका.

अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर डोक्याच्या खालच्या अंगाला एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. डब्ल्यू म्हणजे १९५१, मग एक्स, वाय, झेड, आणि १९५५ पासून पुन्हा ए, बी, सी. म्हणजे 'ई ४' दिसलं तर तो १९५९ च्या शेवटच्या तीन महिन्यांतला. विकणारा शंभर वर्षं जुना म्हणत असेल तर हे अक्षर दाखवा आणि मग भावाचं बोला.

आता काही वस्तू अशा, ज्या बघून भुरळ पडते पण दाढीसाठी घेऊ नयेत. रोल्स रेझर त्यातली पहिली. चपटी निकेलची डबी, एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, आणि आतलं जाड पातं डबीतच पुढे-मागे घासून धारेला लावायचं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे बऱ्याच आल्या. कारागिरी अप्रतिम, पण तिला नवं पातं मिळत नाही, आणि जुनं पातं गंजलेलं असेल तर ते कुणी परत धारेला लावून देईल याचा भरवसा नाही. एकधारी पात्याचे रेझरही तसेच. रेझर मिळतो, पातं शोधायला परदेशी मागणी नोंदवावी लागते. ज्याचं पातं नाक्यावरच्या किराणा दुकानात मिळतं तोच रेझर रोजचा.

घरात सापडला नाही तर बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजार, कर्जत लोकलने भायखळ्याला उतरलात की फार लांब नाही. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा वार बघून निघा. जाताना खिशात चार गोष्टी ठेवा: नव्या पात्यांचं पाकीट, छोटं लोहचुंबक, भिंग आणि एक फडका. आणि विचारायला लाजू नका. "काका, पातं घालून बघू का?" असं सरळ विचारावं. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये.

मी पहिला रेझर घेतला तेव्हा हे विचारलं नव्हतं. झळझळीत, सोनेरी, मखमलीच्या डबीत ठेवलेला होता, आणि मी नवा होतो. घरी येऊन पातं घातलं तर धार डावीकडे बाहेर आणि उजवीकडे आत. कुणीतरी जुन्या, झिजलेल्या रेझरवर नव्याने जाड मुलामा चढवला होता, आणि तळपट्टीच्या खाचांत तो मुलामा साचून पातं बसायची जागाच बुजली होती. जबड्याखाली दोन ठिकाणी कापलं. तेव्हापासून नव्या मुलाम्याच्या जुन्या वस्तूपासून मी लांब राहतो. थोडं झिजलेलं, डाग पडलेलं, पण मूळचं असेल ते घ्यावं.

झिजलेल्या जागीच धातूही कळतो. मुलामा उडालेल्या ठिकाणी खालून पिवळं दिसलं तर पितळ. ते टिकतं. करडं, फुगलेलं, खड्डे पडलेलं दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू. तो एकदा आतून खचू लागला की थांबत नाही, आणि नेमका टोपीचा आटेदार खुंट मुळापासून मोडतो. लोहचुंबक चिकटलं तर मूठ लोखंडी. ती आपल्या हवेत लवकर गंजेल. ॲल्युमिनियमची मूठ हलकी लागते, पण टेकच्या काही मुठी तशाच होत्या. ती खोटी नव्हे.

रेझर घरी आणल्यावर आपली माणसं प्रेमाने जी चूक करतात ती सांगतो. पितळ दिसलं की चिंच, आमसूल नाहीतर भांड्यांची पावडर. तांब्या-पितळेच्या भांड्याला ते ठीक. रेझरवर निकेलचा नाहीतर सोन्याचा मुलामा असतो, कागदाहूनही पातळ. आंबट आणि खरखरीत लावलंत की एका घासणीत तो निघतो, आणि मग उघडं पितळ रोज कळकत राहतं. उकळत्या पाण्यातही टाकू नका. कोमट पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजवणं आणि जुना मऊ टूथब्रश. आटे आणि खाचा यांतून किटण निघायला दोन-तीन दिवस लागले तरी घाई नको. शेवटी औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसाने लावा, सुकू द्या. पातं मात्र नेहमी नवं. कुणाचंही वापरलेलं पातं, मग ते घरातल्या माणसाचं का असेना, आपल्या गालाला लावू नये. रक्तातून पसरणारी कावीळ अशीच येते.

आपल्या भागाचा पाऊस हा या वस्तूचा खरा शत्रू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि न्हाणीघर चार महिने वाळत नाही. दाढी झाली की रेझर खोला. तिन्ही तुकडे धुवा, झटका, आणि न्हाणीघराबाहेर, जिथे वारा लागतो अशा जागी सुटे ठेवा. आवळून ठेवलेल्या रेझरच्या आट्यांत पाणी अडतं आणि माझ्या सासऱ्यांच्या रेझरसारखं सगळं एकमेकांना चिकटतं. पातं फडक्याने पुसू नका, धार बोथट होते. नुसतं झटकून उभं ठेवा. आठवड्यातून एकदा आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब पुरतो.

पाण्याचंही बघा. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस धरत नसेल, भांड्याच्या कडेला पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी जड आहे. त्यात चांगल्या साबणाचा फेसही विरतो. पिण्यासाठी भरून ठेवलेलं नदीचं नाहीतर नळाचं पाणी वाटीभर घ्या, पावसाळ्यात पागोळीचं धरलेलं घ्या, आणि गरम करा. फेस दह्यासारखा घट्ट आला पाहिजे. विरळ फेस घेऊन चांगल्या रेझरला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले.

हात कसा चालवायचा ते लिहून पूर्ण कळत नाही. पातं गालाशी साधारण ३० अंशांवर, जोर शून्य, रेझरच्या वजनानेच खाली येऊ द्यायचा, आणि पहिला हात केसांच्या दिशेनेच. पण केसांची दिशा प्रत्येकाची वेगळी. गळ्यावर तर भोवरेही असतात. यासाठी माझा सल्ला असा, की एकदा गावातल्या जाणत्या नाभिकाकडे जाऊन बसा, दाढी करून घ्या आणि त्याला विचारा, "दादा, माझे केस कुठे कसे वळतात?" तो बोट फिरवून दाखवेल. पिढ्यान् पिढ्या भाताच्या बलुत्यावर साऱ्या गावाच्या हनुवट्या सांभाळलेल्या या समाजाचं हे ज्ञान आहे. माथेरान आपल्याच कर्जत तालुक्यातलं. तिथे अशाच नाभिक घरात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले, वकील झाले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर देशासाठी प्राण दिले. आपल्या भाई कोतवालांच्या घरचा हा व्यवसाय. त्या खुर्चीत बसून शिकायचं तर आदराने शिकावं.

पात्यांमध्ये एकाच कंपनीला चिकटून राहू नका, निदान सुरुवातीला तरी. दोन-चार निरनिराळी पाकिटं आणा आणि प्रत्येकातली दोन पाती वापरून बघा. एका रेझरमध्ये मऊ चालणारं पातं दुसऱ्यात ओढतं, हे अनुभवानेच कळतं. एक पातं चार-पाच दाढ्यांना पुरतं; ओढायला लागलं की बदला. वापरलेली पाती ओल्या कचऱ्यात टाकू नका. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईची बोटं कापतात. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला, झाकण घट्ट बसवून, पातं जाईल एवढी चीर पाडा आणि त्यात टाकत जा. माझा डबा तीन वर्षांत निम्मासुद्धा भरलेला नाही.

शेवटी, टोपी आणि तळपट्टी धड आहेत, पण मूठ हरवली किंवा तिचे आटे गेले, तर तो रेझर भंगारात देऊ नका. १९३० नंतरच्या जिलेटच्या टोपीवर खुंटाचे आटे १०-३२ मापाचे असतात. ते पाच मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांना इतके जवळ आहेत, की एवढ्याशा लांबीत दोन्ही एकमेकांवर चालतात. खोपोलीत लेथवाल्याकडे जा, टोपी सोबत न्या. पितळेची १२ मिलिमीटर जाडीची सळई, बोटभर लांबीचा तुकडा, एका टोकाला भोक पाडून पाचचा टॅप मारायचा, आणि साबणाचा हात निसटू नये म्हणून वरून आडव्या-उभ्या बारीक रेषा. त्याला नीट सांगा की आटे खुंटापेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त खोल हवेत, नाहीतर मूठ टेकण्याआधीच खुंट भोकाच्या तळाला लागतो आणि पातं सैल राहतं. पैसे देण्याआधी तिथेच, त्याच्या कामाच्या टेबलावरच्या दिव्याखाली, पातं घाला आणि आडवं धरून बघा.